शेरा आधी, गुण नंतर

(हुबळीत लॅमिंग्टन रोडवर झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



11 मार्च 2024 रोजी कर्नाटकातल्या पाचवी, आठवी आणि नववीच्या मुलांनी राज्य पातळीवरच्या परीक्षेचा पहिला पेपर लिहिला. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि परीक्षा अर्ध्यावर थांबली. त्याआधी 6 मार्चला उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ही परीक्षा बेकायदा ठरवली होती आणि लगोलग खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली होती. 22 मार्चला खंडपीठाने सरकारच्या बाजूने कौल दिला. 25 मार्चपासून उरलेले पेपर झाले. आणि 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकाल जाहीर करायलाच मनाई केली.

दहा-अकरा वर्षांच्या पोराला खंडपीठ म्हणजे काय हे कळायचं कारण नाही. त्याला एवढंच कळलं, की अभ्यास केला, पेपर लिहिला, मध्येच परीक्षा थांबली, मग पुन्हा पेपर लिहिला आणि शेवटी गुण काही समजले नाहीत. लॅमिंग्टन रोडवरून दप्तर घेऊन जाणाऱ्या मुलांपासून बिदरच्या मुलांपर्यंत सगळ्यांची गत एकच. खासगी शाळाचालकांच्या संघटनेचं म्हणणं असं, की मंडळाची परीक्षा लादणं शिक्षण हक्क कायद्याच्या विरुद्ध आहे. सरकारचं म्हणणं असं, की ही मंडळाची परीक्षा नव्हेच, हे नुसतं मूल्यांकन. पेपर कोणी काढायचा, कुठे तपासायचा, निकाल कोणी लावायचा यावर दोन्हीकडचे वकील भांडले. तपासलेला पेपर हातात पडल्यावर मुलाने त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

आजचं व्याख्यान त्या मागे राहिलेल्या प्रश्नाबद्दल आहे. वर्गातलं गुणांचं प्रस्थ कमी करावं असं सांगणारे आजवर पुष्कळ होऊन गेले, आणि त्यांत मोठमोठी नावं आहेत. तरी प्रस्थ कमी झालं नाही. गुण काढून टाकायचे आदेश निघतात. गुणांच्या जागी जे लिहायचं ते लिहायला शिक्षकाला लागणारा वेळ मात्र कुठल्याच आदेशात नसतो. सगळं घोडं तिथे अडतं.

गुणांविरुद्धची ही तक्रार किती जुनी आहे हे बघायला फार लांब जायला नको. लॅमिंग्टन रोडला ज्याचं नाव आहे तो लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या रस्त्यालाही त्याचंच नाव पडलं.  हुबळी-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. या इलाख्यात 1860 च्या दशकापासून अनुदानित शाळांना पैसा मिळे तो निकालावर. सरकारी निरीक्षक यायचा, इयत्तेनुसार मुलांना वाचन, लेखन, हिशेब विचारायचा आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबाने शाळेला रुपये मिळायचे. ही रीत आली होती इंग्लंडमधून. तिथे 1862 मध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याने ती सुरू केली होती.

परिणाम व्हायचा तोच झाला. निरीक्षक जे विचारणार तेवढंच शिकवायचं, आणि ते तोंडपाठ होईपर्यंत शिकवायचं. शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटीचा, खेड्यातल्या भाषेत दिपोटीचा, दरारा मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकला. धारवाडकडे कन्नड शाळांसाठी झटलेल्या चन्नबसप्पांच्या नावाला तर हा हुद्दा असा चिकटला, की आजही ते डेप्युटी चन्नबसप्पा म्हणूनच ओळखले जातात. (त्यांचं काम निरीक्षणाहून कितीतरी मोठं होतं, पण लोकांच्या तोंडी राहिला तो हुद्दा.) मार्च 1904 मध्ये, लॅमिंग्टन गव्हर्नर होऊन काही महिने झाले असताना, कर्झनच्या सरकारने शिक्षणाविषयी एक ठराव काढला. निकालावर अनुदान देणं त्यात मोडीत निघालं, आणि परीक्षांचं स्तोम हाताबाहेर गेलं आहे, हेही सरकारने त्यातच मान्य केलं. म्हणजे गुणांविरुद्धची सरकारी तक्रार या रस्त्याच्या नावाएवढी जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा पुन्हा नोंदवली गेली. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने सुचवलं, की आकडी गुणांऐवजी श्रेणी द्याव्यात. 1993 मध्ये यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्याबरोबर परीक्षेच्या ओझ्याचाही हिशेब मांडला. पण या सगळ्यांत धारवाडच्या माणसांनी लक्षात ठेवावा असा अहवाल 1966 चा, कोठारी आयोगाचा.

त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचा, 1907 चा. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगून आल्यावर 1930 च्या दशकात या माणसाने धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी गावात ग्रामसुधारणेचं काम केलं. पुढे गारगोटीचं मौनी विद्यापीठ, मुंबईत सुरू होऊन पुण्यात स्थिरावलेली भारतीय शिक्षण संस्था, दिल्लीत सामाजिक शास्त्रांची संशोधन परिषद, एवढ्या संस्थांमागे ते उभे राहिले. युनेस्कोने जगभरच्या शंभर शिक्षणचिंतकांवर चरित्रलेख काढले, त्यांत भारताचे तिघे होते: गांधी, टागोर आणि नाईक. हुबळी-धारवाडमध्ये नाईकांची आठवण फारशी निघत नाही. निघायला हवी.

कोठारी आयोगाने परीक्षेबद्दल ज्या शिफारशी केल्या त्यांतल्या दोन आज वाचल्या तरी दचकायला होतं. पहिली अशी, की पहिली-दुसरीचे वर्ग वेगळे न धरता एकच सलग टप्पा धरावा, जमल्यास चौथीपर्यंत, म्हणजे मूल आपल्या गतीने पुढे जाईल आणि सहाव्या-सातव्या वर्षी नापास हा शिक्का त्याच्यावर बसणार नाही. दुसरी शिफारस मंडळाच्या प्रमाणपत्राबद्दल होती. प्रमाणपत्रावर विषयवार कामगिरी लिहावी, पण संपूर्ण परीक्षेत उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा शेराच असू नये. गणितात कच्चा आणि भाषेत पक्का असलेला मुलगा सरसकट ‘नापास’ कसा, हा साधा प्रश्न त्यामागे होता. आज साठ वर्षं होत आली. महाराष्ट्र मंडळाने गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ शब्द काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ असं लिहून पाहिलं; कर्नाटक सरकारने 2025 मध्ये एसएसएलसीची, म्हणजे दहावीच्या परीक्षेची, उत्तीर्णतेची रेघ 35 टक्क्यांवरून 33 वर आणायचं जाहीर केलं. रेघ दोन टक्के खाली आली, एवढाच त्याचा अर्थ.

आता गुण नेमकं काय मोजतात ते बघू. एसएसएलसीला एकूण गुण 625. प्रथम भाषेला 125, बाकी पाच विषयांना शंभर-शंभर. 2021 मध्ये, कोरोनाच्या वर्षी, पर्यायी प्रश्नांची आटोपशीर परीक्षा झाली आणि 157 मुलांना 625 पैकी 625 मिळाले. 2022 मध्ये 145 मुलांना. 2023 मध्ये चौघांना. 2024 मध्ये परीक्षाकेंद्रांवर कॅमेरे लागले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणारी एकच मुलगी निघाली. त्या वर्षी राज्याचा निकाल 83.89 वरून 73.40 टक्क्यांवर आला, तोही वाढीव कृपागुण देऊन. 2025 मध्ये पुन्हा 22 जण. तीन-चार वर्षांत कन्नड मुलखातल्या मुलांची अक्कल 157 वरून एकावर आली आणि परत 22 वर चढली, असं कुणी म्हणणार नाही. बदलली ती परीक्षा.

महाराष्ट्रातही हेच. दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले, 2019 मध्ये निकाल 77.10 वर आला. वर्षभर ओरड झाली, वीस गुण परत दिले, 2020 मध्ये 95.30. पुढच्या वर्षी कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. निकाल लागला 99.95 टक्के. ज्या वर्षी पेपरच लिहिला नाही त्या वर्षी निकाल सगळ्यांत चांगला लागला, यात विनोद आहे. पण त्या वर्षीच्या मुलांना पुढे कॉलेजात तो फारसा विनोदी वाटला नसेल.

तपासणाऱ्याचा हात ही वेगळीच भानगड. अमेरिकेत 1912-13 मध्ये स्टार्च आणि इलियट या दोघांनी एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांत पाठवून तपासून घेतली. इंग्रजीच्या एका पेपरला 64 पासून 98 पर्यंत गुण मिळाले. लोक म्हणाले, भाषेत असं व्हायचंच. म्हणून त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. त्याला 28 पासून नव्वदीच्या पुढेपर्यंत गुण आले. कुणी रीतीला गुण दिले, कुणी फक्त उत्तराला, कुणी गिचमिड अक्षराचे कापले. आज मंडळं नमुना उत्तरं आणि गुणविभागणी देतात, फेरतपासणी असते. तफावत कमी झाली आहे, गेलेली नाही. फेरतपासणीच्या अर्जांचे गठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एवढं असूनही गुण टिकतात, कारण त्यांचं खरं काम मोजणं हे नाहीच. जागा थोड्या आणि मागणारे फार, तेव्हा रांग लावायला काहीतरी लागतं. दशांश चिन्हापर्यंत जाणारा आकडा त्याला सोयीचा. महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशावरून 2008 ते 2010 या तीन वर्षांत तीन सूत्रं आली, पर्सेंटाइल, नव्वद-दहा आणि बेस्ट ऑफ फाइव्ह. पहिली दोन न्यायालयाने घालवली, तिसरं टिकलं. भांडण शिक्षणाचं नव्हतं. रांगेत पुढे कोण, याचं होतं. दहावी-बारावीला ही रांग राहणार. ती नाहीशी करायचा उपाय शिक्षकाच्या हातात नाही, आणि शिक्षकाला त्याबद्दल धारेवर धरण्यातही अर्थ नाही. प्रश्न आहे तो त्याआधीच्या नऊ वर्षांचा. सातवीच्या मुलाला कुठल्या रांगेत उभं करायचं असतं म्हणून त्याच्या घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवतात?

या नऊ वर्षांसाठी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतची वाट मोकळी केली होती. मुलाला मागे ठेवायचं नाही, मंडळाची परीक्षा लादायची नाही आणि मूल्यमापन सातत्यपूर्ण, सर्वंकष करायचं. महाराष्ट्राने 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने ते अमलात आणलं. निर्णय वाचायला आजही चांगला वाटतो. पहिली-दुसरीला सत्तर टक्के भार आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, स्वाध्याय यांवर. लेखी-तोंडी संकलित परीक्षेला फक्त तीस. इयत्ता वाढेल तसा हा भार सरकत सातवी-आठवीला चाळीस-साठ. आणि शेवटी गुणांऐवजी श्रेणी, अ-1 पासून इ-2 पर्यंत नऊ.

गंमत इथेच झाली. श्रेणी लावायची तर आधी टक्के काढायला हवेत. 91 पासून वर अ-1, 81 ते 90 अ-2, आणि असंच खाली. म्हणजे शिक्षकाने आधी सगळी बेरीज करायची, मग ती अक्षरात बदलायची. 90 आणि 91 मध्ये पूर्वी एका गुणाचा फरक होता, आता एका श्रेणीचा झाला. प्रगतिपुस्तक घरी गेलं, की पालकाचा पहिला प्रश्न असायचा, “अ-2 म्हणजे किती टक्के, सर?” आणि सर सांगायचे. कर्नाटकात ए प्लस, ए, बी प्लस असं लिहितात. प्रश्न हाच आणि उत्तरही हेच. सीबीएसईने तर हा सगळा प्रयोग 2017 मध्ये गुंडाळला आणि 2018 पासून दहावीची सक्तीची परीक्षा परत आणली.

श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंद होती, आणि खरा जीव तिच्यात होता. शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल लिहायचं: विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. तीन रकाने. साधा हिशेब करून पाहा. चाळीस मुलं, आठ विषय, दोन सत्रं. प्रत्येकी एक नोंद धरली तरी 640 होतात. त्यात पोषण आहाराचा हिशेब, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. मग व्हायचं तेच झालं. तयार नोंदींच्या याद्या निघाल्या, आधी छापील, मग मोबाइलवर. शिक्षक त्या समोर ठेवून एकेक वाक्य उतरवू लागले. ‘शालेय शिस्त आत्मसात करतो.’ ‘इतरांशी नम्रपणे बोलते.’ ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ एका वर्गातल्या चाळीसही मुलांनी शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे, असं नोंदवहीवरून दिसतं. कुणी नेमका कोणता शब्द चुकवला ते दिसत नाही.

यात एक गोष्ट गुणांपेक्षाही वाईट आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. रेल्वे वर्कशॉपमधला एखादा कामगार, जेमतेम सही येणारी एखादी आई, यांना प्रगतिपुस्तकातलं एकच काहीतरी वाचता येतं, तो म्हणजे आकडा. 35 पैकी 9 म्हटलं, की पोराचं काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळतं. ‘प्रगती समाधानकारक’ म्हटलं, की कळत नाही. शिकलेल्या घरात मुलाला वाचता येत नाही हे आईबापांना शाळेने सांगावं लागत नाही. न शिकलेल्या घरात सांगावंच लागतं. ‘असर’च्या 2018 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. ही मुलं वर्षानुवर्षं ‘ढकलपास’ होत आली, ही लोकांची तक्रार खोटी नव्हती. तिचा राग निघाला तो कायद्यावर. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने ती वापरली. नापास न करणं आणि न शिकवणं या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्या, त्याची किंमत पहिल्या गोष्टीने मोजली.

मग गुणांशिवाय शिकवणं कुठे जमलंच नाही का? जमलं.

एक उदाहरण कर्नाटकातलं. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात काही सरकारी शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांची पद्धत उचलली आणि ‘नली-कली’ सुरू केली. 2009-10 पासून ती राज्यभरच्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला गेली. वर्गात फळ्याकडे तोंड करून बसलेल्या रांगा नसतात. भिंतीवर शिकण्याची शिडी असते, तिच्यावर पायऱ्या, प्रत्येक पायरीला कार्ड आणि कार्डावर चित्रखूण. मूल स्वतः शिडीवर आपली खूण शोधतं, कार्ड घेतं, आणि खुणेप्रमाणे पाचांपैकी एका गटात बसतं. एका गटात बाई पूर्ण वेळ असतात, एकात थोडा वेळ, दोन गटांत सोबती मदत करतात, शेवटच्यात एकट्याने काम. आजारी पडून आठ दिवसांनी आलेलं मूल जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे जातं. पायरी कुठली हे त्याला स्वतःलाच माहीत असतं, म्हणून किती गुण पडले हा प्रश्न उरत नाही. दोष आहेत: कार्डं फाटतात, हरवतात, आणि तीन इयत्ता एका शिक्षकाच्या गळ्यात मारायला ही पद्धत सोयीची पडते. सगळ्यांत मोठा दोष असा, की चौथीत गेल्याबरोबर शिडी संपते आणि चाचण्या सुरू होतात.

दुसरं उदाहरण महामार्गाने वर गेलं की लागणाऱ्या कोल्हापूरचं. 1985 मध्ये लीलाताई पाटील यांनी तिथे ‘सृजन आनंद विद्यालय’ ही मराठी प्राथमिक शाळा काढली. ना. सी. फडक्यांची ही मुलगी. पण ती ओळख त्यांनी कधी मिरवली नाही. आयुष्यभर शिक्षकांना शिकवण्याचं काम केलेल्या या बाईंनी निवृत्तीच्या वयात स्वतः शाळा सुरू केली आणि तिथे शिक्षा नाही, बक्षिसाचं आमिष नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, असं ठरवलं. नंबर काढून टाकणं त्यांना सोपं गेलं, कारण त्या जागी भरायला भरपूर काही होतं: परिसराचे प्रकल्प, मुलांचं स्वतःचं लेखन, आणि त्या लेखनावर शिक्षकांनी एकत्र बसून केलेली चर्चा. लीलाताईंची पुस्तकं वाचताना जाणवतं ते हे, की एकेका मुलाच्या एकेका वाक्यावर त्या किती वेळ थांबतात. 2020 मध्ये त्या गेल्या. शाळा लहान होती, शिक्षक निवडलेले होते, हे खरं. चाळीसच्या वर्गाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. पण थांबण्याची ती सवय उचलता येते.

ती उचलली तर काय होतं, याचा पुरावा आहे. 1988 मध्ये इस्रायलच्या रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग शिक्षणशास्त्रात अजून चर्चेत असतो. मुलांनी कामं केली. एका गटाला परत मिळाले फक्त गुण. दुसऱ्याला फक्त शेरा, म्हणजे काय जमलं आणि काय राहिलं. तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. नंतरच्या कामात फक्त शेरा मिळालेल्यांची गोडीही टिकली आणि कामही सुधारलं. बाकी दोन गटांत तसं झालं नाही. दोन्ही मिळालेल्या गटाचं वागणं फक्त गुण मिळालेल्यांसारखंच निघालं. आकडा दिसला, की मूल शेजाऱ्याचा आकडा बघतं. शेरा वाचत नाही. कुठल्याही शिक्षकाला हे प्रयोगाशिवायही ठाऊक असतं. पेपर वाटल्यावर वर्गात होणारा गलका आठवावा.

म्हणून गुण रद्द करा, अशी मागणी या व्याख्यानात नाही. क्रम बदला, एवढीच आहे. वही परत द्यायची ती शेरा लिहून, गुणांशिवाय. मुलाने शेऱ्याप्रमाणे दुरुस्ती करायची. ती झाल्यावर, आठवड्याने, गुण सांगायचे, आणि ते एकेकट्याला.

शेरा म्हणजे काय, हे एका गणितावर बघता येईल. पाचवीतल्या एका काल्पनिक वहीत लिहिलंय, तीन चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश बरोबर चार षष्ठांश. वरचे आकडे मिळवले, खालचे आकडे मिळवले; ही चूक हुबळीत होते तशी जगभर होते. आपल्याकडे तिच्यावर लाल फुली पडते, दोनपैकी शून्य, खाली सही. फार तर ‘लक्ष देऊन सोडव’. त्याऐवजी शिक्षकाने एवढंच लिहिलं तर: “तुझं उत्तर पाऊणपेक्षा कमी आलंय. पाऊणमध्ये अर्धा घातला, तर कमी कसं झालं? पाऊण किलो आणि अर्धा किलो गूळ मिळून किती?” मूल सव्वा म्हणतं. दुकानात ते कधीच चुकत नाही. आता त्याला वहीतलं उत्तर आणि दुकानातलं उत्तर जुळवायचं असतं, आणि समच्छेद करायची गरज का पडते ते तिथे कळतं. हा शेरा लिहायला दीड मिनिट लागतं. ‘शून्य’ लिहायला दोन सेकंद.

भाषेचंही तसंच, आणि या शहरात जरा जास्तच. हुबळीत घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशी तीन पाण्यांत पोहणारी मुलं पुष्कळ आहेत. कन्नड निबंधात मराठी वळणाची वाक्यं लिहिणाऱ्या मुलीला शंभरात 48 पडले, तर ती ‘कन्नडात कच्ची’ ठरते. खरं तर तिचे विचार जागेवर असतात, शब्दही असतात, अडतं ते विभक्तीपाशी. कुठल्या तीन वाक्यांत अडलं ते खुणेने दाखवलं, तर पुढच्या महिन्यात ती दोन सुधारेल. 48 या आकड्यात ती तीन वाक्यं कुठेच दिसत नाहीत.

वेळेचा प्रश्न राहतोच. चाळीस वह्या, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे तास. रोज ते कुणालाच शक्य नाही, आणि रोज करायचं कारणही नाही. दिवसाला आठ वह्या नीट वाचल्या तर पाच दिवसांच्या आठवड्यात वर्ग संपतो. बाकीच्या दिवशी मुलं उत्तरं फळ्यावरून ताडून पाहू शकतात, शेजाऱ्याची वही तपासू शकतात. त्या तपासणीला गुण नसले की भांडणं होत नाहीत. मुख्याध्यापकांनी एक करायचं: सगळ्या वह्यांवर रोजची सही दिसली पाहिजे, हा आग्रह सोडायचा. निरीक्षणाला येणारे अधिकारी अजूनही सह्या मोजतात, दिपोटीच्या काळात मोजत असतील तशाच, आणि शिक्षकाचा तास त्या सह्यांत जातो.

आणखी काही गोष्टी शाळा आजच थांबवू शकते. त्यांना कुठल्या शासननिर्णयाची गरज नाही. वर्गात गुण मोठ्याने वाचणं. नंबर लावून बसवणं. पहिली-दुसरीतल्या मुलांचे फोटो टक्क्यांसकट फ्लेक्सवर लावणं. निकालाच्या हंगामात चन्नम्मा सर्कलवर अशा फ्लेक्सची गर्दी असते, आणि हल्ली त्यांतले चेहरे लहान लहान होत चालले आहेत. सिंगापूरसारख्या परीक्षावेड्या देशानेही 2019 पासून प्रगतिपुस्तकातला वर्गातला क्रमांक काढून टाकला. तिथे रांग संपलेली नाही. सहावीची राष्ट्रीय परीक्षा तशीच आहे. पहिली-दुसरीच्या परीक्षा मात्र त्यांनी बंद केल्या.

पालकसभेत हे सगळं मांडलं, की एक प्रश्न हमखास येतो: “आमच्या मुलाला पुढे स्पर्धेत उतरायचंय, त्याला आतापासून सवय नको का?” प्रश्न रास्त आहे. धारवाडच्या स्पर्धापरीक्षांच्या क्लासेसमध्ये राज्यभरची पोरं खोल्या घेऊन राहतात. तिथलं जग गुणांवरच चालतं. सवय हवीच. वेळ लावून पेपर सोडवायची सवय आठवी-नववीत वर्षा-दीड वर्षात लागते. समच्छेद का करायचा हे पाचवीत कळायचं राहिलं, तर नववीत ते शिकवायला कुणाकडे वेळ नसतो, आणि क्लासवाले ते मुळीच शिकवत नाहीत. ते गृहीत धरतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेलं समग्र प्रगतिपत्रक आता शाळांच्या दारात आहे. त्यात मुलाने स्वतःबद्दल लिहायचं, सोबत्याने लिहायचं, पालकाने लिहायचं, शिक्षकाने लिहायचं. 2010 च्या नोंदवहीत तीन रकाने होते, इथे त्याहून बरेच अधिक आहेत. ते भरायच्या तयार याद्या मोबाइलवर फिरू लागायला किती वेळ लागेल हे सांगायला ज्योतिषी नको. मुख्याध्यापकांनी हे पत्रक हातात घेताना त्याच्याबरोबर वेळापत्रकही घ्यावं आणि बघावं, की आठवड्यातला कुठला तास शिक्षकाला वह्या वाचायला मोकळा मिळणार आहे. तो तास निघत नसेल, तर रकाने कमी करून घ्यावेत. कर्नाटकातल्या शाळांत पहिली आकारिक चाचणी जुलै-ऑगस्टच्या सुमारास असते. तिच्या वह्या गुण न लिहिता परत द्यायच्या की लिहून, हे शाळेच्या एका बैठकीत ठरू शकतं.